पुढं ते, मागं मी

मानवतच्या जुन्या पेठेत एका लाकडी सज्ज्याखाली मी मान वर करून उभी राहिले आणि तेवढ्यात माझा नवरा हरवला.

सज्जाही काही फार थोर नव्हता. खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, त्याचा लालभडक बोर्ड आणि बोर्डाच्या वर उन्हानं करडं पडलेलं सागवान. तुळयांच्या टोकांना पोपट कोरलेले होते. एका पोपटाच्या चोचीत अजून हिरवा रंग शिल्लक होता. असलं काही दिसलं की माझे पाय जागचे हलत नाहीत. मान खाली केली तेव्हा समोरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता. तो गेला, धूळ बसली आणि रस्त्यावर ह्यांची पाठ नव्हती.

पाठच म्हणते, कारण सगळा संसार मी तीच बघत आले. आमच्याकडं नवरा पुढं चालतो, बायको मागं. लग्नात सात पावलं चाललो तेवढीच काय ती जवळजवळ, पुढं सगळी वाट ह्यांच्या मागून. सून निकिता पुण्याची. ती हसते, म्हणते, आई, तुम्ही बाबांच्या सावलीवर पाय देत चालता का? चालते बाई. उन्हात तेवढीच सावली.

हे म्हणजे रामकिशन कंडक्टर, परभणी डेपो. उभा जन्म एसटीत गेला, पण गावं पाहिली ती स्टँडपुरती. जिंतूरला बस टेकली की चहा, गंगाखेडला टेकली की चहा. रिटायर झाले त्या आठवड्यात मला म्हणाले, "चल, गाडी जिथं थांबायची तिथून पुढं काय हाय ते बघू." तेव्हापासून आम्ही बसनं एकेका गावाला जायचो आणि दिवसभर पायी हिंडायचो. देवदर्शन नाही, पाहुणे नाहीत. गल्ल्या बघायच्या, घरं बघायची. ह्यांना दारं आवडायची, मला सज्जे आणि खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या. जाळी पाहिली की माझी बोटं रांगोळीचे ठिपके मोजायला लागतात.

मला थांबायचं असलं की मी एकदा खाकरायची. ते न वळता जागच्या जागी थांबायचे. बघून झालं की दोनदा खाकरायची, मग ते चालायला लागायचे. एक घंटी थांबायला, दोन घंट्या निघायला. कंडक्टरच्या बायकोला दुसरं काय सुचणार!

त्या दिवशी पोपटांच्या नादात मी खाकरायलाच विसरले.

आधी राग आला. मागं माणूस आहे का नाही, एवढं तरी बघावं! मग आठवलं की ह्यांच्या आता काहीच ध्यानात राहत नाही.

गेल्या काही वर्षांत एकेक सुटत गेलं होतं. दूध गॅसवर ठेवून झाडांना पाणी घालायला जायचे आणि झाडांपाशी उभं राहून, इथं कशाला आलो, ते मला विचारायचे. नातीचं, सृष्टीचं नाव गेलं. परमेश्वर, आमचा एकुलता एक मुलगा, त्याला दिवाळीत 'साहेब' म्हणाले. तो संडासात जाऊन रडला. घराचं कुलूप ह्यांना उघडेना, म्हणून किल्ली मी माझ्या कमरेला लावून घेतली. पण मला विसरले नव्हते. माझा तो तोरा होता. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरच्या खोलीतून पाठमोरे माझ्याशी गप्पा मारायचे, सगळ्या जुन्या गोष्टी, बिनचूक. समोर चहा नेऊन ठेवला की मात्र म्हणायचे, "ठेवा बाई, लय उपकार झाले." मी म्हणायची, नाटकं पुरे. आणि हसत आत जायची.

परमेश्वरनं बजावलं होतं, "आई, आता हे हिंडणं बंद. बाबा एकदा जरी चुकले ना, तर मी त्यांना पुण्याला नेऊन ठेवणार. तिथं अशा माणसांना सांभाळायच्या जागा असतात." जागा म्हणजे त्यांच्यासाठी जागा, माझ्यासाठी नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण घरात हे दिवसभर दाराशी उभे राहायचे, बाहेर चाललो की मात्र जुने रामकिशन व्हायचे. पुढं चालत, न वळता, "ही चौकट बघ, एका लाकडातली हाय" असं सांगत. त्या रामकिशनसाठी मी परमेश्वरला फसवलं आणि मानवतची बस धरली.

आणि आता ते नव्हते. ह्यांचा मोबाइल माझ्याच पिशवीत होता. पाकीटही, पाण्याची बाटलीही.

मी आधी स्टँडकडं पळाले. पळाले म्हणजे काय, डावा गुडघा धडाचा नाही, एक पाय टाकायचा आणि दुसरा ओढायचा. वाटलं, कंडक्टर माणूस, वाट चुकला तरी स्टँडच गाठेल. उभ्या असलेल्या सगळ्या बस आतून पाहिल्या. कॅन्टीन पाहिलं. मुतारीच्या बाहेर उभी राहून, "अहो, आत हायेत का?" म्हणून ओरडले. लाज वाटायला वेळ नव्हता. कंट्रोलरनं माइकवर नाव पुकारलं. त्या नावाचा माणूस ते नाव ऐकून वळला असता की नाही, मला खात्री नव्हती.

"आजी, दिसायला कसे हायेत?" कंट्रोलरनं विचारलं.

मी भडाभडा सांगायला लागले. उजवा खांदा पडका, कारण चामडी बॅग जन्मभर त्याच खांद्यावर. मानेवर मागं तीळ. सदऱ्याची कॉलर मागून विरलेली. टाच आतून झिजलेली.

"तसं न्हाई. समोरून?"

समोरून... मी बोलायला तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. नाक कसं, कपाळ कसं? म्हाताऱ्या माणसाचं असतं तसं. त्या माणसानं माझा फोन मागून घेतला, फोटो असतील म्हणून. फोटो भरपूर होते. पाथरी, सेलू, गंगाखेडचा घाट, जिंतूरची एक दगडी कमान. सगळ्यांत हे होते. तो बोटानं सरकवत गेला, सरकवत गेला आणि हळूच म्हणाला, "आजी, सगळे पाठमोरेच की."

मी फोन ओढून घेतला आणि पुन्हा पेठेत शिरले.

सकाळी हीच पेठ किती छान वाटली होती! खाली शटरं आणि वर नक्षी, दोन नव्या इमारतींच्या मधे दबून राहिलेलं मातीच्या धाब्याचं घर, दगडी जोत्यावर कुणीतरी वाळत घातलेल्या शेवया. आता सगळ्याची चीड यायला लागली. इतक्या गल्ल्या काढायचं काय अडलं होतं? प्रत्येक गल्लीला दोन तोंडं, प्रत्येक तोंडाशी आणखी एक बोळ. एका कमानीतून वाकून गेले तर आत आड. कठडा अर्धा ढासळलेला. मी पोटावर रेलून आत बघितलं. काळं पाणी, त्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि माझंच डोकं. "अहो!" म्हणून हाक मारली. आडानं हाक परत दिली. आणि मी काय करत होते, तर नवरा तरंगताना दिसू नये म्हणून देवाला हात जोडत होते.

ह्यांना दारं आवडतात, म्हणून मी जुनी दारं धरून चालले. जिथं चौकट मोठी, त्या गल्लीत गेले असतील. पितळी कड्यांचं दार दिसलं, तिथं विचारलं. वरच्या पट्टीवर गणपती कोरलेलं दिसलं, तिथं विचारलं. एका घरात बाई म्हणाली, पोलिसांत सांगा. एका घरात म्हणाले, हायवेकडं बघा, लोक तिकडंच जातात. कापसाच्या दिवसांत तिथं ट्रकला ट्रक लागलेला असतो. हा माणूस न वळता चालणारा. मागून हॉर्न वाजला तरी वळायचा नाही, त्याला वाटेल मागं मी आहे, मी बघून घेईन.

धान्याच्या एका दुकानात भगवानराव म्हणून म्हातारे शेठ बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तसं एक म्हातारं मगाशी गेलं हितून. पर ते तुमचं न्हवं. त्याची मंडळी होती संगं."

"मग न्हवं. माझे एकटे हायेत."

"लंगडत चालली होती बिचारी मागून. आन् ह्यो पुढून तिला घरं दाखवायलाय, खिडक्या दाखवायलाय. मी म्हनलं, ह्या वयात कवतिक हाय."

"न्हवं हो, एकट्या माणसाचं सांगा," असं चिडून म्हणून मी निघाले. म्हातारे लोक ऐकत नाहीत नीट. पुढची गल्ली पाहिली, तिच्या पुढची पाहिली, मारुतीच्या देवळामागं जाऊन आले. पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. ऊन उतरायला लागलं होतं. एका जोत्याला धरून मी दम घ्यायला थांबले. पुन्हा निघाले तसा डावा पाय जमिनीवर फरफटला आणि तो आवाज माझ्या कानावर आला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा.

लंगडत चालली होती बिचारी मागून.

मी परत फिरले. रडत होते की शिव्या देत होते, आठवत नाही, दोन्ही असेल. भगवानरावांनी गल्ली दाखवली आणि मी न थांबता त्यात शिरले. गल्ली संपता संपता डाव्या हाताला एक बुटकं घर होतं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, बाहेर शेळ्या बांधलेल्या. ओट्यावर हे बसले होते. धड होते. पायांत चपला होत्या. हातात पाण्याचा तांब्या होता.

मी खाली बसलेच. आई गं, म्हटलं, देवा, म्हटलं, आणि तशीच उठून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

त्यांनी मान वर केली आणि सरकून ओट्यावर जागा केली.

"बसा बाई. लय दमलेल्या दिसायलात." मग माझ्या खांद्यावरून पलीकडं, गल्लीच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "येताना वाटंत एक बाई दिसली का तुमाला? गुडघा दुखतो तिचा. हळू चालती."

"अहो, मीच की!" मी ओरडले. शेळ्या बिचकल्या. "डोळे फुटले का? मी हाय! नर्मदा!"

ते घाबरले. तांब्या छातीशी धरून भिंतीकडं सरकले आणि अगदी अदबीनं, तिकीट नसलेल्या पॅसेंजरला समजावावं तसं म्हणाले, "थट्टा करू नका बाई. नर्मदा माज्या मागं हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. 'अगं', 'ऐकलं का', 'परमेश्वरची आई', याच्या पुढं माणूस कधी गेला नव्हता. आज घेतलं आणि तेही परक्या बाईजवळ. मला तो चहा आठवला. ठेवा बाई, लय उपकार झाले. नाटक नव्हतं ते. किती दिवसांपासून नव्हतं, कोण जाणे. आत भांडी घासणारी, मागं पाय ओढणारी बाई त्यांना पाठ होती. चहा घेऊन समोर येणारी ही म्हातारी कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

घरातून एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची, कंबरेत वाकलेली, एक पाय ओढत. कोंडाबाई. शेळ्या तिच्या. तिनं मला हाताला धरून आत नेलं.

"बाजारातून मी घरला यायले, तर ह्यो बाबा पुढून बोलायलाय. ही खिडकी बघ, ती कमान बघ. मी म्हनलं, कुनाशी बोलायलाय? मागं तर मीच हाय. मंग म्हनलं जाऊ दे, बोलू दे. लय बरं वाटलं बाई, खोटं कामून बोलू? आमचं मानूस गेल्यापून मला कोनी काय दाखवलं न्हाई." ती पदरानं डोळे पुसायला लागली. "मी घराशी आले, म्हनून पुढं झाले. मला बघितलं आन् लेकरावानी बिथरला की. 'माजी मंडळी कुटं गेली' म्हनून. तव्हापून बसवून ठेवलाय, म्हनलं, येईल शोधत."

"ते मला वळखंनात," मी म्हणाले. एवढंच म्हणता आलं.

कोंडाबाईनं डोळे पुसलेला पदर खोचला. मग म्हणाली, "तू पुढून कामून गेलीस? मागून ये."

तिच्या घराला मागं एक दार होतं. त्यातून मी गल्लीच्या मागच्या बोळात आले, वळसा घेतला आणि ओट्याच्या मागच्या अंगाला, भिंतीच्या कोपऱ्याशी उभी राहिले. हे गल्लीच्या तोंडाकडं बघत बसले होते, म्हणून ह्यांची पाठ दिसत होती. पडका खांदा, मानेवरचा तीळ, विरलेली कॉलर. मला खाकरता येईना. दोनदा प्रयत्न केला. मग कसंतरी खाकरले. एकदा. आणि मग दोनदा.

ते उठले. तांब्या ओट्यावर ठेवला, चपला नीट केल्या. वळले नाहीत.

"आलीस? लय येळ लावलास. काय बघत बसली होतीस?"

"पोपट."

"कसले पोपट?"

"सागवानातले. सज्ज्याला."

"मला कामून दाखवले न्हाईस?" म्हणाले आणि चालायला लागले.

कोंडाबाई दारात उभी राहून बघत होती. मी तिच्याकडं बघून हातसुद्धा जोडले नाहीत, कारण नजर ह्यांच्या पाठीवरून काढायची हिंमत नव्हती. गल्ली, मग पेठ. सगळी घरं ते नव्यानं दाखवत होते. ही चौकट बघ. हे दार बघ, ह्याला दिंडी हाय, मोठं दार न उघडता मानूस आत जातं. मी हूं हूं करत होते आणि तोंडात पदर कोंबून रडत होते. एकदा ते थबकले. "रडायलीस का?" वळू नका, मनात म्हटलं, तुमच्या पाया पडते, वळू नका. "न्हाई हो, धूळ हाय," म्हणाले आणि पटकन दोनदा खाकरले. ते चालायला लागले.

पोपटांच्या सज्ज्याखालून गेलो. मी दाखवले नाहीत. दाखवायला शेजारी उभं राहावं लागलं असतं.

स्टँडवर परभणीची बस लागलेली होती. कंट्रोलरनं आम्हाला पाहून लांबूनच हात वर केला, मी ओठांवर बोट ठेवलं. हे चढले, सवयीनं पुढच्या बाजूला खिडकीशी बसले. शेजारची जागा मोकळी होती. बाई कंडक्टर होती, सविता नावाची पट्टी छातीला लावलेली, पोरगीच. म्हणाली, "आजी, हितं बसा की आजोबांशेजारी."

"न्हाई माय, मला हितंच बरं." मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. त्यांच्या शेजारी सोयाबीनच्या धुळीनं भरलेला एक माणूस येऊन बसला.

बस सुरू झाली, तसे हे उठले. छताच्या घंटीची दोरी एका हातानं धरून उभे राहिले. "थांबा. एक बाई यायची हाय. माजी मंडळी. तिला घेतल्याबिगर गाडी हलायची न्हाई." सगळी बस बघायला लागली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. सविता काही बोलणार, तेवढ्यात मी खाकरले.

हात दोरीवर तसाच राहिला. "बसलीस का?"

"बसले."

"जागा मिळाली?"

"मिळाली. तुमच्या मागंच हाय."

त्यांनी दोनदा घंटी ओढली. पहिल्यासारखीच, झटक्यात. "जाऊ द्या," म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले. सविताही हसली. मला वाटलं, ही बस परभणीला पोचूच नये. नांदेडला जाऊ दे, हैदराबादला जाऊ दे. मी मागच्या सीटवर बसून राहीन.

बाहेर अंधारायला लागलं. काचेत त्यांचा चेहरा दिसेल म्हणून मी खिडकीकडं बघितलं नाही. डांबरी रस्ता, मग बायपास, मग परभणीचे दिवे लागले. स्टँडपासून आमची गल्ली लांब नाही. ते पुढं चालतील, मी मागून चालेन, तिथवर सगळं ठीक होतं. कमरेची किल्ली मला टोचायला लागली. दाराशी पोचल्यावर मलाच पुढं होऊन कुलूप उघडायचं होतं.